सहा वारांचा आठवडा

जिपारच्या आठवड्यात सहाच वार होते. मंगळवार झाला की एक दिवस बिननावाचा जायचा आणि मग थेट गुरुवार उजाडायचा. कारण बुधवारला आमच्याकडे शार्शेंबी म्हणतात, आणि तिच्या सासऱ्याचं नाव होतं शार्शेनाली. बुधवारी जन्मला म्हणून आईने वार बघून नाव ठेवलं आणि मोकळी झाली. पुढे येणाऱ्या सुनेची जीभ कुठे अडकेल, याचा विचार कोण करतो? सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावाशी मिळताजुळता शब्दही तोंडातून काढायचा नाही, ही आमची रीत. राजधानीतल्या, बिश्केकच्या पोरी हल्ली खुशाल घेतात, आभाळ काही कोसळलेलं नाही. पण जिपारला सासूने पहिल्याच दिवशी, डोक्याला पांढरा रुमाल बांधता बांधता बजावलं होतं. पुढे सासू वारली, आणि गेलेल्या माणसाशी हुज्जत घालता येत नाही. दुकानात मीठ कधी येणार हे विचारायचं झालं तरी जिपार म्हणायची, "मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी येईल का?" दुकानदारीण तोंडाला रुमालाचं टोक लावून हसायची, पण तीही कुणाची तरी सून होतीच.

घरात दोनच माणसं उरली होती, ती आणि म्हातारा. नवरा कुबान रशियात, नोवोसिबिर्स्कला बांधकामावर. लग्नानंतरचा पहिला हिवाळा सरला तेव्हा गेला, तो "येतो येतो" म्हणत तिकडेच रमला. फोन करायचा, पण बापाशी बोलायचा नाही. "आबांना सांग, बूट घ्या नवे," असं तिला सांगायचा. ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "बूट घ्यायला सांगताहेत." म्हातारा खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "सांग त्याला, आहेत ते बरे आहेत." बापलेकांचा सगळा संसार असा तिच्या तोंडून चालायचा, आणि तिच्या स्वतःच्या तोंडात काय आहे हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

संध्याकाळी ती केस्मे करायची. लाटलेल्या शेवया मटणाच्या रश्श्यात सोडायच्या, वर कांद्याची पात. म्हातारा खिडकीशी बसून जेवायचा, ती दाराशी. मग चहा. आमच्याकडे चहाची वाटी काठोकाठ भरत नाहीत, भरली तर पाहुण्याला "निघा आता" म्हटल्यासारखं होतं. अर्धीच वाटी द्यायची, म्हणजे माणूस पुन्हा मागतो. म्हातारा वाटी पुढे करायचा, ती अर्धी भरायची. पुरे झालं की तो वाटीवर तळहात ठेवायचा. अख्ख्या संध्याकाळचं बोलणं ते एवढंच. तो वाईट नव्हता हो, शपथेवर सांगते. सुनेशी मोकळं बोलायचं नसतं हे त्यालाही कुणीतरी शिकवलं होतं, आणि ती शिकवण त्याच्यात जरा जास्तच पक्की बसली होती.

तोच माणूस साखर कारखान्यात गेला की वेगळा व्हायचा. हे जिपारला फार उशिरा कळलं. दोघंही तिथेच कामाला. तो बीट धुण्याच्या लांबलचक लोखंडी हौदावर. हौदाच्या आत एक दांडा फिरायचा, त्याला माणसाच्या हाताएवढी लोखंडी पाती. बिटाबरोबर दगड आणि पाला आला की हौद तुंबायचा, मग दांडा थांबवून कुणीतरी आत उतरायचं आणि आकड्याने सगळं उपसायचं. जिपार वरच्या काचेच्या खोलीत, बटणांपाशी. लग्नाआधी तिने तंत्रशाळा केली होती, त्याचा हा उपयोग. तिथून हौदाचं एक टोक दिसायचं, दुसरं भिंतीआड वाफेत गेलेलं. एका दुपारी तिला खालून कुणाचं तरी हसणं ऐकू आलं, गडगडाटी, पोटातून आलेलं. कोण हसतंय म्हणून ती काचेला नाक लावून बघते तर आबा. घरी तिने त्यांचे दात कधी पाहिले नव्हते. त्या रात्री केस्मे वाढताना तिला उगीच चोरी केल्यासारखं वाटत राहिलं.

आदल्या हंगामात कारखान्यात दौलेतचा हात गेला. बीट वाहून नेणारा पट्टा थांबलेला होता, तो खाली शिरून साफ करत होता. मुकादम ओमुरने ओरडून विचारलं, "सगळे बाहेर ना?" कुठून तरी आवाज आला, "हो, हो." पट्टा सुरू झाला. कोण म्हणालं हो, ते आजतागायत कळलेलं नाही. दौलेत आता फाटकावर बसतो आणि डाव्या हाताने सलाम घेतो. सरकारी माणसं आली, ओरडून गेली, आणि मग या हंगामाच्या तोंडावर कारखान्याच्या मालकांना, मार्लेन साहेबांना, सुरक्षेचं प्रशिक्षण ठेवावंच लागलं.

शिकवायला बिश्केकहून बेगायिम एजे, म्हणजे बेगायिमताई, आली. पन्नाशीची, आखूड केसांची, आवाज असा की माइकची गरज नाही. जुन्या क्लबाच्या सभागृहात सगळ्यांना बसवलं. मार्लेन साहेब हात जोडून प्रस्तावना करून फोन कानाला लावत दाराकडे निघाले, तर तिने त्यांना पहिल्या रांगेत बसायला लावलं. म्हणाली, मालकाला वेळ नसेल तर कामगारांना तरी कशाला असावा, चला, मी गाडीत बसते. साहेब मुकाट्याने बसले. मागच्या रांगा खूश झाल्या. त्या दिवशी तिने निम्मी लढाई तिथेच जिंकली.

मग तिने प्रत्येकाला मोठ्याने आपलं नाव सांगायला लावलं. जिपारची पाळी आली तेव्हा ती उभी राहीपर्यंत मागून दोघं-तिघं म्हणाले, "केलिन." केलिन म्हणजे सून. सगळं गाव तिला केलिनच म्हणायचं, कारण कुबान गावाचा मुलगा आणि ती बाहेरून आणलेली.

"केलिन हे नाव नाही, तो हुद्दा आहे," बेगायिम म्हणाली. "नाव सांग."

"जिपार."

आपलंच नाव तिला परक्याचं वाटलं. माहेर डोंगरापलीकडे, आई गेलेली. कुबान फोनवर "ऐक ना" म्हणायचा. शेवटची हाक कुणी मारली होती, ते तिला आठवेना.

म्हाताऱ्याने आपलं नाव इतकं हळू सांगितलं की बेगायिमने दोनदा वदवून घेतलं. जिपारने मान खाली घातली आणि ऐकलं न ऐकलं केलं.

नियम साधा होता. हौद असो की पट्टा, सुरू करण्याआधी वरून माइकवर आत उतरलेल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव त्यानेच उत्तर द्यायचं, आणि उत्तरात हाक मारणाऱ्याचं नावही घ्यायचं, म्हणजे भलत्याने भलत्याला हो म्हणायला नको. "बाहेर आहे, जिपार," असं. एक जरी उत्तर आलं नाही तरी बटणाला बोट लावायचं नाही, मग राष्ट्राध्यक्ष खाली उभा असला तरी. पुढे कुलपं येणार होती, आत उतरणाऱ्याने खटक्याला स्वतःचं कुलूप लावून किल्ली खिशात घालायची. पण कुलपं कुठेतरी वाटेत अडकली होती आणि बीट काही कुणासाठी थांबत नाही. बेगायिम म्हणाली, तोवर नाव हेच तुमचं कुलूप.

तालीम झाली. जिपारने पाच जणांना हाका मारल्या, पाचही उत्तरं आली. सहावा म्हातारा. तिने तोंड उघडलं आणि दातखीळ बसली. सगळे बघताहेत. शेवटी तिने कसंबसं म्हटलं, "आबा."

तीन टोप्या वळल्या. तीन म्हाताऱ्यांनी तीन आवाजांत सांगितलं की आपण बाहेर आहोत. क्लब हसून हसून लोळला.

बेगायिम हसली नाही. तिने विचारलं, यातला कोणता? जिपार म्हणाली, कुबानचे वडील. पण गावात कुबान दोन. मग ती म्हणाली, आमच्या घरचे. तेव्हा बायकासुद्धा हसल्या. बेगायिमला रीत माहीत नव्हती असं नाही, ती इथलीच. तिचा चेहरा थोडा मऊ झाला, पण शब्द नाही. "पोरी, माझ्या सासऱ्याच्या नावाचा अर्थ दगड. मी आयुष्यभर दगडाला कठीण माती म्हटलं. पण यंत्राला नातं कळत नाही. दौलेतला विचार."

मार्लेन साहेबांना एकदम हुशारी सुचली. ते म्हणाले, दोघांतलं एक कमी करू या. म्हाताऱ्याचं पेन्शन कधीच सुरू झालंय, नाहीतर हिला पोती शिवायला पाठवू, तिथे कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. बेगायिमने सांगितलं की उद्या चालू यंत्रावर बघू, आणि उद्या जमलं नाही तर साहेब म्हणतात तसं.

जिपार घरी आली ती धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशा अवस्थेत. पोती शिवायला गेली तर ती काचेची खोली आणि तो माइक जाणार. तो माइक हे एकच ठिकाण होतं जिथे ती बोलायची आणि माणसं ऐकायची. आणि आबांना घरी बसवलं तर ते दिवसभर खिडकीतून बघत बसतील आणि वसंतापर्यंत संपतील. ते गडगडाटी हसणं कुठे ठेवतील? घरात त्याला जागा नव्हती. नाव घेतलं असतं तर सगळंच सुटलं असतं. घोटभर आवाज लागतो नावाला. पण सासू, तो रुमाल, आणि गावाची तोंडं.

कुबानचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं. तिला वाटलं, तो म्हणेल घे, मी आहे. तो म्हणाला, "माझी लाज काढू नकोस गावात. सोडून दे ती नोकरी." मग थोडं थांबून, "आबांनी बूट घेतले का?" तिने भिंतीकडे तोंड करून विचारलं. म्हातारा म्हणाला, "सांग त्याला, घेईन." फोन कटला. म्हाताऱ्याने वाटी पुढे केली, तिने अर्धी भरली. तिला रडायचं होतं, पण दोन माणसांच्या घरात रडणं लगेच ऐकू जातं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग कुठल्या तरी शेतातून मातीच्या ढेकळांसकट बीट आलं आणि हौद तुंबला. जिपारने दांडा थांबवला. ओमुरने सहा जण आत पाठवले, त्यात आबा. फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली, चालक भोंगे वाजवू लागले. मार्लेन साहेब खाली येऊन घड्याळ बघत उभे. बेगायिम हौदाच्या दिसणाऱ्या टोकाशी, हाताची घडी घालून.

काम झालं. माणसं चढून बाहेर आली, काही या टोकाने, काही भिंतीआडच्या. ओमुरने खालून हात फिरवला, सुरू कर.

जिपारने माइक उघडला. एकेक नाव घेतलं. एकेक उत्तर आलं, आपापल्या आवाजात, तिच्या नावासकट. पाच झाली.

"आबा," ती म्हणाली.

"बाहेर आहे." वाफेतून आवाज आला. पुढे "जिपार" नव्हतं.

ओमुरने पुन्हा हात फिरवला. साहेब काहीतरी ओरडले. तिचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. तो आवाज आबांचा होता का? तिने आठवून बघितलं. एका छपराखाली इतके दिवस काढले, त्यांचे पायमोजे धुतले, त्यांचा चहा ओतला, खोकला भिंतीपलीकडून ओळखला. पण आवाज ओळखेल अशी तिची खात्री होईना. इतकं कमी बोलले होते ते तिच्याशी. हे तिच्या ध्यानात आत्ता आलं. आपण माणसाला ओळखतच नाही, आणि बोट बटणावर आहे.

तिने बोट काढलं. डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. मग माइकवर, आवारातल्या चारही कर्ण्यांतून, ट्रकांच्या रांगेला, फाटकावरच्या दौलेतला, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "शार्शेनाली."

भोंगे थांबले. खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या. एका बाईने तोंडावर हात ठेवला.

उत्तर आलं नाही.

"शार्शेनाली," ती पुन्हा म्हणाली. दुसऱ्यांदा नाव सोपं गेलं, आणि त्याचंच तिला भय वाटलं. ओमुर ओरडून सांगत होता, अगं बाहेरच असेल तो, मघाशी हो म्हणाला ना. आत न उतरलेला एक म्हातारा वाफेतून पुढे येऊन ओशाळून म्हणाला की हो मी म्हटलं, मला वाटलं मलाच विचारतेय. ओमुरचं तोंड पांढरं पडलं. बेगायिम धावत भिंतीआड गेली. जिपारने मुख्य खटका खाली ओढला, आणि माइकला तोंड लावून तिसऱ्यांदा हाक मारली. या वेळी ती हाक नियमाची नव्हती. आग लागलेल्या घरासमोर उभं राहून मारावी तशी ती निघाली, आणि शेवटी फाटली.

हौदाच्या भिंतीआडच्या तोंडातून आधी आकडा वर आला. मग चिखलाने माखलेले दोन हात, मग टोपी. म्हातारा कठड्यावर बसला. धडधाकट होता. शेवटचा दगड काढायला मागे राहिला होता. बेगायिमने त्याचा दंड पकडला आणि चारचौघांत झापायला सुरुवात केली. तीन हाका मारल्या, ऐकू आल्या नाहीत का, वय झालं म्हणून नियम नाही का, ती पोर वर मरायची वेळ आली.

"आल्या ना ऐकू," म्हातारा म्हणाला. "पहिलीच आली."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. बायको त्याला आयुष्यभर "अहो घरचे" म्हणाली. पोरं आबा म्हणाली. कारखाना उस्ताद म्हणाला. बरोबरीचे होते ते एकेक करून टेकडीवरच्या दफनभूमीत गेले. हे त्याने काही सांगितलं नाही, पण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

"आईनंतर कुणी घेतलं नव्हतं," तो म्हणाला. "घशातून आवाजच निघेना. वाटलं, आणखी एकदा मारते का बघू."

बेगायिमने त्याचा दंड सोडला. मग खाकरून म्हणाली, "तरी उत्तर द्यावं लागतं, आजोबा. त्याशिवाय ती सुरू करू शकत नाही."

म्हातारा उठला. भिंतीला धरून काचेची खोली दिसेल इतका पुढे आला आणि मान वर केली. जिपारला तो तिथून लहान दिसत होता, उघड्या डोक्याचा, पांढरे केस ओले.

"बाहेर आहे," तो म्हणाला, आणि मग सावकाश, जपून, "जिपार."

तिने खटका वर केला. दांडा फिरू लागला. खाली माणसं कामाला लागली, ट्रक हलले. ती बटणांकडे बघत राहिली, पण तिला बराच वेळ काही दिसत नव्हतं. मार्लेन साहेब पुढे एकालाही कमी करण्याबद्दल बोलले नाहीत. गाव दोन दिवस बोललं, मग दुसरा विषय मिळाला. बेगायिम एजे जाताना काचेच्या खोलीत येऊन तिचा हात हातात घेऊन उभी राहिली आणि मग गेली.

घरी संध्याकाळ नेहमीसारखीच आली. कुणाला वाटेल, आता दोघं गप्पांना बसली असतील. छे. एवढ्या वर्षांचा गप्पपणा असा एका दुपारी उठून जात नाही. तो खिडकीशी, ती दाराशी. केस्मे झालं, नान झालं. तिने चहा ओतला, अर्धी वाटी, दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हणाली, "घ्या आबा." घरात ते पुन्हा आबाच होते. तिला वाटलं होतं तसं काही मोडलं नव्हतं, पण काही सांधलंही गेलं नव्हतं. वाऱ्याने दार वाजलं तेवढंच.

म्हाताऱ्याने बराच वेळ वाटी हातात फिरवली.

"ती कुलपं कधी यायची म्हणे?"

"शार्शेंबीला," जिपार म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं. म्हाताऱ्याने वाटीवरून डोळे वर केले, पुन्हा खाली घातले.

"कुलपं आली," तो खिडकीकडे बघत म्हणाला, "की मग हाक मारायचं काम उरणार नाही."

त्याने ते अगदी सहज म्हटलं, पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं. पण जिपार दाराशी जिथल्या तिथे थिजली. बेगायिम काय म्हणाली होती? कुलूप येईपर्यंत नाव. त्यानंतरचं काही सांगितल्याचं तिला आठवेना. खूप आठवून बघितलं.

"कुलूप लावलं तरी हाक मारायचीच, आबा," ती म्हणाली. "नियम आहे."

"रोज?"

"हौद उघडला की दर वेळी."

म्हाताऱ्याने मान हलवली. "नियम आहे तर मग काय," तो म्हणाला. त्याची वाटी रिकामी झाली होती. तळहात काही त्याने तिच्यावर ठेवला नाही, वाटी तशीच पुढे केली, आणि तिने पुन्हा अर्धी भरली.